उत्तरार्धाची आकांक्षा : ‘एण्डगेम’ आणि प्रेक्षकांचे कालप्रवासविषयक तर्क

१

कथा मध्येच थांबवावी आणि तिचा उत्तरार्ध काही काळाने सादर करावा, ही प्रथा नवी नाही. इंग्लंडमध्ये कादंबऱ्या मासिक भागांनी प्रसिद्ध होत असत त्या काळी पुढील भागाविषयी तर्क करणे हे वाचनाचेच एक अंग बनले होते. १८७० मध्ये चार्ल्स डिकन्सचे निधन झाले तेव्हा ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ ही त्याची कादंबरी अपुरी राहिली, आणि तिच्या शेवटाविषयीचे तर्क त्यानंतर कित्येक दशके चालू राहिले. आर्थर कॉनन डॉइलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला रायशेनबाखच्या धबधब्यापाशी मृत्यूच्या हवाली केले आणि १९०३ मध्ये त्याला परत आणले. मधल्या काळात वाचक स्वस्थ बसले नव्हते. अशा तर्कांना वाङ्मयसमीक्षेत स्थान देण्याची मात्र सामान्यतः रीत नाही. ते रिकामपणाचे उद्योग समजले जातात.

‘ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’ (२०१८) आणि ‘ॲव्हेंजर्स : एण्डगेम’ (२०१९) या जोडचित्रपटांच्या बाबतीत ही समजूत पुन्हा तपासून पाहणे अगत्याचे ठरते. अँथनी व जो रूसो या बंधूंनी दिग्दर्शित केलेल्या आणि ख्रिस्तोफर मार्कस व स्टीफन मॅकफीली यांनी लिहिलेल्या या दोन कृतींमध्ये सुमारे एक वर्षाचे अंतर होते. पूर्वार्धाच्या शेवटी थॅनोस हा प्रतिनायक विश्वातील सहा रत्नांच्या सामर्थ्याने अर्धी जीवसृष्टी एका क्षणात धुळीला मिळवितो. नायकपक्षातील कित्येक पात्रे प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत विरून जातात आणि पडदा पडतो. पुढील वर्षभर जगभरच्या प्रेक्षकांत जो ऊहापोह चालला, त्याचा केंद्रबिंदू एकच होता : गेलेले परत येणार ते काळाचे चक्र उलटे फिरवून काय? आणि तसे झाले तर त्यांच्या जाण्याला अर्थ तो काय उरला?

या दोन प्रश्नांपैकी पहिला युक्तीचा आहे, दुसरा रसाचा. प्रेक्षकांची चर्चा पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत गेली, यातच तिचे खरे मोल आहे.

२

संस्कृत नाट्यशास्त्राने कथावस्तूचे पाच संधी मानले आहेत : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. विमर्शसंधीत फलप्राप्तीच्या मार्गात मोठे विघ्न उभे राहते आणि शेवटाविषयी संशय उत्पन्न होतो. ‘इन्फिनिटी वॉर’ नेमका याच संधीवर थांबतो. एरवी नाटकात हा विमर्श पात्रांचा असतो आणि तो घटकाभरात संपतो. येथे तो प्रेक्षकांकडे सोपविला गेला आणि वर्षभर लांबला. या अर्थाने प्रेक्षकांचे तर्क हे कृतीच्या बाहेरचे नसून, तिच्या रचनेनेच मोकळ्या सोडलेल्या जागेत उगवलेले आहेत असे म्हणता येते.

या तर्कांची जातही ओळखीची आहे. मीमांसकांनी अर्थापत्ती नावाचे स्वतंत्र प्रमाण मानले आहे. देवदत्त दिवसा जेवीत नाही आणि तरीही तो पुष्ट आहे, तर तो रात्री जेवीत असला पाहिजे, हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. भाट्ट मीमांसकांनी तिचे दृष्टार्थापत्ती आणि श्रुतार्थापत्ती असे दोन प्रकार केले. कोणी नुसते ‘दार’ एवढेच म्हणाला, तर ऐकणारा ‘लाव’ हे क्रियापद मनाने पुरवितो, हा दुसऱ्या प्रकाराचा नमुना. ‘इन्फिनिटी वॉर’ हे असेच अर्धे उच्चारलेले वाक्य होते. क्रियापद पुरविण्याचे काम प्रेक्षकांनी केले.

त्यांनी वापरलेल्या पुराव्यांत मात्र दोन भिन्न कोटी आहेत आणि त्यांची गल्लत होता कामा नये. पहिली कोटी कृतीबाहेरच्या पुराव्यांची. धुळीला मिळालेल्या पात्रांत स्पायडरमॅन होता, आणि त्याचा पुढील चित्रपट जुलै २०१९ मध्ये येणार हे आधीच जाहीर झालेले होते. तेव्हा तो परत येणार यात शंका नव्हती. तसेच चित्रीकरणाच्या स्थळाची काही छायाचित्रे बाहेर आली होती. त्यांत नायक २०१२ सालच्या न्यूयॉर्कच्या लढाईतील जुन्या वेशात दिसत होते. त्यावरून कोणी कालप्रवासाचे अनुमान केले, तर कोणी ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ (२०१६) मध्ये दाखविलेल्या, स्मृती डोळ्यांपुढे साकार करणाऱ्या यंत्राचे. ही अनुमाने बुद्धीची असली तरी वाचनाची नव्हेत. ज्याने चित्रपट पाहिलाच नाही असा मनुष्यदेखील ती करू शकला असता. त्यांत बातमीचे आकलन आहे, कृतीचे नाही.

दुसरी कोटी कृतीच्या आतल्या पुराव्यांची, आणि समीक्षेच्या दृष्टीने तीच मोलाची. डॉक्टर स्ट्रेंज कालरत्नाच्या साहाय्याने भविष्याच्या १,४०,००,६०५ शक्यता पाहून येतो आणि विजय त्यांपैकी केवळ एकीत आहे असे सांगतो. कालरत्न प्राणांपेक्षा अधिक जपण्याचा ज्याचा निर्धार, तोच पुढे टोनी स्टार्कचे प्राण वाचविण्यासाठी ते थॅनोसच्या हाती देतो. हा विसंवाद आहे. तो लेखकांची चूक मानायचा नसेल, तर एकच उपपत्ती संभवते : पराभव हा त्या एकमेव विजयाच्या वाटेवरचाच टप्पा आहे, आणि स्टार्क जिवंत राहणे ही त्याची अट आहे. दुसरा पुरावा असा की, थॅनोस आपले कृत्य करण्यापूर्वी कालरत्न वापरून नष्ट झालेले मनोरत्न पुन्हा सिद्ध करतो. म्हणजे घडलेले न-घडलेले करता येते, हे चित्रपट स्वतःच्याच तोंडाने सांगून ठेवतो. तिसरा पुरावा जुलै २०१८ मधील ‘अँटमॅन अँड द वॉस्प’ या चित्रपटातला. त्यात स्कॉट लँग हा सूक्ष्मविश्वात अडकून पडतो आणि तत्पूर्वी त्याला तेथील कालभोवऱ्यांविषयी इशारा दिला जातो. इशाऱ्याचे एक वाक्य. पण पुढील चित्रपटाचे बीज त्यात आहे हे अनेकांनी तत्काळ ओळखले.

पुराव्याचा आधार असूनही फसलेला एक तर्क येथे नोंदविण्यासारखा आहे. थॅनोसला आपल्या कृत्यानंतर बालवयातील गमोरा दिसते. त्यावरून, नाहीशी झालेली सारी पात्रे आत्मरत्नाच्या आत जिवंत आहेत, अशी उपपत्ती मांडली गेली. ती असंभाव्य नव्हती. परंतु एका प्रतिनायकाच्या मनातील दुःखाचे चित्र तिने भूगोल म्हणून वाचले. काव्यात जे भावाचे आहे ते वस्तूचे मानण्याचा हा दोष जुनाच आहे.

३

कालप्रवास होणार, हे अनुमान अशा रीतीने बहुतेकांनी बांधले. परंतु कोणत्या नियमाने होणार, हा प्रश्न त्याहून बिकट होता. एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’ (१८९५) पासून या कथाप्रकाराने जे नियम रूढ केले त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात.

पहिला बद्धचक्राचा. भूतकाळात गेलेला मनुष्य जे करतो ते पूर्वीच घडलेले असते; त्याचे जाणे हेही इतिहासाचेच एक कारण असते. ‘द टर्मिनेटर’ (१९८४) मध्ये भविष्यातून आलेला रक्षकच भावी नेत्याचा पिता ठरतो. दुसरा परिवर्तनीय रेषेचा. काळाची रेषा एकच, पण ती खोडून पुन्हा लिहिता येते. ‘बॅक टू द फ्यूचर’च्या दुसऱ्या भागात (१९८९) एका पुस्तकाच्या चोरीने सारे वर्तमान बिघडते आणि ते पूर्ववत करण्यासाठी नायकाला मागे जावे लागते. तिसरा शाखांचा. भूतकाळात हात घातला की मूळ प्रवाह तसाच राहतो आणि त्याला एक नवी शाखा फुटते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : उत्तरार्ध हा पूर्वार्धाचा नियम बदलूही शकतो. ‘टर्मिनेटर २’ (१९९१) ने पहिल्या चित्रपटाचे बद्धचक्र तोडून भविष्य टाळता येते असा पक्ष घेतला. त्यामुळे पूर्वार्धावरून उत्तरार्धाचा नियम काढण्यात धोका असतोच.

शाखांची कल्पना मराठी वाचकांना अपरिचित नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक ज्या जगात जाऊन येतात तेथे पानिपतचा निकाल मराठ्यांच्या बाजूने लागलेला आहे, आणि विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेलेली एक गोळी दोन जगांना अलग करते. परंतु गंगाधरपंत तेथून काही दुरुस्त करून येत नाहीत. एका फाटक्या पानाखेरीज त्यांच्या हाती काही लागत नाही. शाखेचे ज्ञान होते, उपयोग होत नाही. ‘एण्डगेम’ने त्याच कल्पनेकडून उपयोगाची अपेक्षा केली, आणि त्याच्या गुणदोषांचे मूळ येथेच आहे.

प्रेक्षकांत जे तर्क अधिक प्रचलित होते त्यांनी दुसरा नियम गृहीत धरला होता : मागे जाऊन थॅनोसला रोखावयाचे, म्हणजे झालेले झालेच नाही. आणि येथेच त्यांची अस्वस्थता सुरू झाली. पूर्वार्धाच्या शेवटचा करुण हा सच्चा होता. तो पुसला जाणार असेल, तर मागील शोक हा शोकच नव्हता असे म्हणावे लागेल. शोक स्थायी असेल तरच करुण रस. उद्या निवारण होणार हे ठाऊक असलेल्या आपत्तीत विप्रलंभाची हुरहूर असेल, करुण नाही. हा भेद आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वी केला आहे. त्या शास्त्राचा गंधही नसलेल्या प्रेक्षकांना तो आपल्या अनुभवातून जाणवला, ही गोष्ट लहान नाही. युक्ती बरोबर ओळखल्याचा आनंद आणि ती बरोबर ठरू नये ही इच्छा, अशी दुहेरी अवस्था त्यांच्या चर्चेत सर्वत्र दिसते.

४

‘एण्डगेम’ या अपेक्षेला जे उत्तर देतो ते दोन पायऱ्यांचे आहे. सुरुवातीलाच नायक थॅनोसला गाठतात, आणि त्याने रत्नांच्याच साहाय्याने रत्ने नष्ट केली असल्याचे कळते. त्याचा शिरच्छेद होतो, पण त्याने काहीही साधत नाही. सर्वांत सोपा मार्ग अशा रीतीने आरंभीच बंद होतो आणि कथा पाच वर्षे पुढे जाते. पाच वर्षांची ही उडी हेच या चित्रपटातील सर्वांत महत्त्वाचे रचनाविशेष होय. कारण त्या काळात शोक करणारी माणसे जगली आहेत. स्टार्कला मॉर्गन नावाची मुलगी झाली आहे. आता काळ पुसून पुन्हा लिहावयाचा, तर धुळीला मिळालेल्यांबरोबर या मुलीचाही हिशेब करावा लागेल. मृतांना परत आणण्यासाठी जिवंतांना पुसून टाकता येईल काय, हा प्रश्न येथे उभा राहतो. या पाच वर्षांत जे मिळाले ते गमावणार नाही, ही स्टार्कची अट म्हणजे एका बापाचा हट्ट आहेच. पण ती चित्रपटाच्या कालनियमाची खरी जननीही आहे. प्रेक्षकांना साधन ओळखता आले, नियम ओळखता आला नाही, याचे कारण हेच की त्यांना ही मुलगी ठाऊक नव्हती.

नियम असा सांगितला जातो : भूतकाळात गेलात की तो तुमचा भविष्यकाळ होतो, तेथे काही बदलले तरी तुम्ही जेथून आलात ते बदलत नाही. ‘बॅक टू द फ्यूचर’सारख्या चित्रपटांची नावे घेऊन त्यांची थट्टा केली जाते. ही थट्टा प्रेक्षकांच्या वर्षभराच्या तर्कांना उद्देशून आहे हे उघड आहे. नियमाचे प्रत्यक्ष प्रमाण नेब्यूलाच्या प्रसंगात मिळते. ती २०१४ मधील स्वतःलाच ठार मारते आणि तरीही स्वतः नाहीशी होत नाही. पितामहाचा वध करणाऱ्या नातवाचा जो प्रसिद्ध पेच कालप्रवासाच्या चर्चेत नेहमी मांडला जातो, त्याचा निकाल येथे एका गोळीने लावला आहे.

या नियमाला भौतिकशास्त्राचा आधार सांगण्याचा चित्रपटाचा प्रयत्न मात्र वरवरचा आहे. ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये मांडलेली सापेक्ष अवस्थांची उपपत्ती आणि डेव्हिड डॉइचने १९९१ मध्ये बंद कालरेषांवर केलेला विचार यांतून शाखांच्या कल्पनेला काही पाया मिळतो हे खरे, आणि स्टार्कच्या तोंडी डॉइचचे नावही येते. परंतु ते मंत्रोच्चारासारखे येते. अमुक नियम शास्त्राने सिद्ध झाला म्हणून तो स्वीकारला, असे येथे घडलेले नाही. मॉर्गन वाचावी म्हणून तो निवडला आहे. ही उणीव नव्हे. शक्य पण अविश्वसनीय गोष्टीपेक्षा अशक्य पण विश्वसनीय गोष्ट कवीने पत्करावी, असा ॲरिस्टॉटलचा अभिप्राय आहे. आणि विश्वास येथे समीकरणाने नव्हे, वात्सल्याने उत्पन्न होतो.

या चित्रपटातील सर्वांत मार्मिक स्थळ याच संदर्भात पाहावे लागते. २०१२ च्या न्यूयॉर्कमध्ये ब्रूस बॅनर हा एन्शंट वन या स्ट्रेंजच्या भावी गुरूकडे कालरत्न मागावयास जातो. ती नकार देते. रत्न गेले तर तिच्या जगाचे रक्षण कोण करणार, हा तिचा प्रश्न आहे. बॅनरच्या कोणत्याही सिद्धांताने तिचे मत पालटत नाही. पालटते ते एका बातमीने : स्ट्रेंजने रत्न स्वखुशीने दिले. तो श्रेष्ठ होणार हे तिला ठाऊक आहे. श्रेष्ठाने रत्न विनाकारण दिले नसणार. तेव्हा त्यामागे हेतू असलाच पाहिजे. ही शुद्ध अर्थापत्ती आहे, आणि प्रेक्षकांनी वर्षभर केलेले अनुमान ते हेच. त्यांचा तर्क पात्राच्या मुखी येऊन कथेला वळण देतो. प्रेक्षकांचे म्हणणे ऐकून हे लिहिले असे नव्हे. पूर्वार्धातील विसंवाद ज्याने नीट वाचला त्याला याच ठिकाणी यावे लागत होते, एवढाच याचा अर्थ.

एन्शंट वनचा आक्षेप मात्र चित्रपटाने पुरता फेडलेला नाही. रत्ने परत नेऊन ठेवली की शाखा राहणार नाहीत, असे आश्वासन तिला मिळते. परंतु २०१२ मधला लोकी एक रत्न घेऊन निसटतो; २०१४ मधला थॅनोस सैन्यासह आपले जग सोडून २०२३ मध्ये येतो आणि तेथेच नष्ट होतो. त्या शाखांतील माणसांचे पुढे काय झाले? एका विश्वाचा शोक दूर करण्यासाठी दुसऱ्या विश्वांत ढवळाढवळ करण्याचा अधिकार नायकांना कोणी दिला? चित्रपट प्रदर्शित झाल्यावर प्रेक्षकांनी हे प्रश्न विचारले, आणि ते केवळ छिद्रान्वेषणाचे नव्हते. २०२१ मधील ‘लोकी’ या मालिकेने त्यांना एक उत्तर देऊ केले. शाखांवर पहारा ठेवणारी आणि त्या छाटून टाकणारी एक कचेरी तिने कल्पिली. मात्र नायकांचा प्रवास हा विधिलिखितच होता असे म्हणवून तिने प्रश्न सोडविण्याऐवजी वरिष्ठांकडे पाठविला.

५

वादाचे सर्वांत मोठे कारण शेवटचा प्रसंग हे आहे. रत्ने परत ठेवावयास गेलेला स्टीव्ह रॉजर्स ठरल्या जागी परतत नाही. थोड्या अंतरावर, तळ्याकाठच्या बाकावर एक वृद्ध बसलेला दिसतो. पेगी कार्टरबरोबर आयुष्य घालवून तो आला आहे. हे आयुष्य कोठे गेले? एका पक्षाचे म्हणणे असे की, तो शाखेत जगला. कारण भूतकाळात जाणे म्हणजेच शाखा फुटणे, आणि त्याच्याजवळची अभंग ढालही दुसऱ्या विश्वाची खूण आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, तो मूळ प्रवाहातच जगला. कारण एन्शंट वनच्या मते रत्ने हलविल्याने शाखा होते, माणूस आल्याने नव्हे. आणि पूर्वीच्या चित्रपटांत पेगीचा पती कधी समोर आलेलाच नाही. मौजेची गोष्ट अशी की, या प्रश्नावर कर्त्यांतच एकमत नाही. दिग्दर्शकांनी पहिला पक्ष घेतला, पटकथाकारांनी दुसरा.

कर्त्याचा हेतू हा अर्थनिर्णयाचा अंतिम आधार मानणाऱ्यांची येथे पंचाईत होते. कृतीकडेच परत जावे, तर तेथे दोन नियम आढळतात : एक बॅनरने सांगितलेला, दुसरा एन्शंट वनने सांगितलेला. ते एकमेकांशी जुळतात असे चित्रपट धरून चालतो. शेवटच्या प्रसंगात त्यांतील भेग उघडी पडते. प्रेक्षकांनी ती शोधली, आणि कर्त्यांच्या मतभेदाने तिला दुजोरा मिळाला.

परंतु ही भेग केवळ तांत्रिक नाही. रॉजर्स मूळ प्रवाहात जगला असेल, तर त्याला सारे ठाऊक होते. आपला मित्र बकी शत्रूच्या कैदेत यातना भोगीत आहे, १९९१ मध्ये हॉवर्ड व मारिया स्टार्क यांचा वध होणार आहे, हे जाणून तो काही दशके गप्प बसला असे म्हणावे लागते. शाखेत जगला असेल, तर तेथे त्याने ही संकटे टाळली असतील; पण मग तो ज्या पेगीबरोबर जगला ती आणि ज्या पेगीच्या मृत्यूने तो व्याकूळ झाला होता ती, या दोघी भिन्न ठरतात. एका पक्षात नायकाच्या शीलाला बाध येतो, दुसऱ्यात त्याच्या प्रेमाच्या अनन्यतेला. काळाविषयीचा मतभेद हा अशा रीतीने चारित्र्याविषयीचा मतभेद ठरतो. ज्या प्रश्नाची थट्टा हौशी लोकांचा कालापव्यय म्हणून होते, त्याच्या पोटात नीतीचा एवढा गंभीर प्रश्न असतो.

या प्रसंगाचे समर्थन करावयाचे झाल्यास ते औचित्याच्या आधारे करता येते, युक्तीच्या नव्हे. स्टार्क आणि रॉजर्स या दोघांच्या वाटा येथे उलट होतात : संसारी झालेला प्राण देतो आणि प्राण द्यावयास सदैव सिद्ध असलेल्याला संसार मिळतो. ही समतोल सांगता साधण्यासाठी लेखकांनी स्वतःचा नियम सैल केला. भावाच्या दृष्टीने तो प्रसंग साधला आहे. पण मॉर्गनसाठी ज्याने नियम इतका कडक केला, त्यानेच रॉजर्ससाठी तो ढिला करावा, हे कृतीच्या न्यायबुद्धीला शोभत नाही.

६

या साऱ्या विवेचनातून जे हाती येते ते थोडक्यात असे. उत्तरार्धाविषयीचे तर्क खरे ठरले की खोटे, ही त्यांची कसोटी नव्हे. बातमीवरून केलेले तर्क खरे ठरूनही निष्फळ राहिले. कारण त्यांनी कृतीविषयी काहीच सांगितले नाही. कृतीतील विसंवादावरून केलेले तर्क अंशतः चुकूनही फलदायी ठरले. कारण त्यांनी पूर्वार्धाचे बारकाईने वाचन घडविले आणि उत्तरार्धाला जाब विचारण्याची पात्रता प्रेक्षकांच्या अंगी आणली.

गेलेले परत यावेत ही इच्छा आणि त्यांच्या जाण्याचे मोल कमी होऊ नये ही इच्छा, या दोहोंचा एकत्र स्वीकार करणारी कथा रचणे कठीण असते. ‘एण्डगेम’ने बहुतांना परत आणले, पण पाच वर्षे परत केली नाहीत, नताशा आणि स्टार्क यांनाही परत केले नाही. जेवढ्या अंशी त्याने काळाची ही किंमत वसूल केली तेवढ्या अंशी तो प्रेक्षकांच्या शोकाशी प्रामाणिक राहिला. जेथे ती माफ केली तेथे, तळ्याकाठच्या त्या बाकापाशी, प्रेक्षकांचा विमर्श अद्याप संपलेला नाही.